बाहेरच्या ओळीतला ट्रामथांबा

आमच्या सोसायटीत ट्रामचा थांबा आहे, ट्राम नाही. बनारसला ट्राम कधी आलीच नाही. थांबा मात्र पक्का आहे. वर पत्र्याचं छत, खाली लांब दगडी बाक, खांबाला पितळी घंटा. नवीन माणूस विचारतो, इथे बस थांबते का? आमच्याकडचं कुणीतरी सांगतं, नाही, हे नीळूकाकांचं आहे. त्याला त्यातून काही कळत नाही.

नीळूकाका म्हणजे नीलकंठ सोवनी. रेल्वेत नकाशे काढायला होते. शरीरानं किरकोळ, शर्टाच्या खिशात कायम पेन्सिल, आणि बोलताना समोरच्या हवेत बोटानं रेघा मारायची सवय. तरुणपणी रेल्वेनं त्यांना शिकायला कलकत्त्याला पाठवलं होतं, तिथे त्यांनी ट्राम पाहिली. परत आले ते तिचंच वेड घेऊन. "पायरी बुटकी असते," म्हणायचे. "म्हातारं माणूस सहज चढतं. धक्का नाही, धूर नाही. घरापासून थेट घाटापर्यंत."

तेव्हा आम्ही सगळे दुर्गाघाटाला राहायचो. एकेका खोलीत पडदे लावून दोन दोन संसार. गल्लीत रिक्षाही यायची नाही. आजारी माणसाला खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून मैदागिनच्या चौकापर्यंत आणायचं, मग पुढे गाडी. सगळे कंटाळलेले, पण बाहेर पडायला कुणी तयार नाही. काशीत मरण आलं की सुटका, यासाठी तर आमचे पूर्वज देशावरचं घरदार सोडून इथे आले. आता चार पिढ्यांनी वरुणा नदीपलीकडे, काशीच्या बाहेर, मोकळी हवा घ्यायला जायचं, आणि तिथे डोळे मिटले तर?

याला उत्तर शोधलं नीळूकाकांनी आणि विश्वेश्वर गुरुजींनी. दोघे एका शाळेतले, एका गल्लीतले. गुरुजी पूजा सांगायचे, काका नकाशे काढायचे, आणि दोघे दिवसभर एकमेकांना टोचायचे.

पंचक्रोशी यात्रेची वाट काशीला उजवी घालून जाते. वाटेच्या उजव्या हाताला काशी, डाव्या हाताला बाहेर. म्हणून यात्रेकरू जेवतात, झोपतात, थुंकतात ते डावीकडे. धर्मशाळाही डावीकडेच. उजवीकडे देव. शिवपूरच्या पुढे डांबरी रस्ता सरळ काढला तेव्हा जुन्या वाटेचा एक वळणाचा तुकडा बाजूला पडला होता. अधिक महिन्यात जुनी माणसं अजून तिथूनच जात. गुरुजी अनवाणी त्या वाटेनं चालून आले आणि म्हणाले, ही खरी वाट. काकांनी कागद पसरला आणि त्या वाटेलाच सोसायटीचा मधला रस्ता केलं.

अडचण एकच झाली. जमीनवाल्यानं दोन्ही बाजूंची जमीन एकत्र घ्या म्हणून हट्ट धरला. त्यामुळे आमच्या काशीवास सोसायटीत दोन ओळी झाल्या. उजवीकडची आतली ओळ, डावीकडची बाहेरची. आतली घरं लगेच गेली. बाहेरची कुणी घेईना. तेव्हा काका सभेत उठून म्हणाले, "पहिलं घर मी घेतो बाहेर." मग आम्हीही त्यांच्या शेजारचं घेतलं. बाहेरच्या ओळीसाठी त्यांनी आतल्या बाजूला एक खोली बांधली, गंगेची माती घालून सारवलेली. बाहेरच्यांपैकी कुणाचं जवळ आलं की खाट उचलून पलीकडे त्या खोलीत न्यायची. आम्ही तिला पलीकडची खोली म्हणतो.

आणि रस्त्याच्या मधोमध त्यांनी ट्रामसाठी पट्टा सोडला. दोन रूळ जातील एवढा रुंद, गवताचा. त्यावर कुणी गाडी लावू नये, म्हशी बांधू नयेत, म्हणून दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. पलीकडे जायचं तर टोकाला जाऊन वळसा. थांबा बाहेरच्या बाजूला केला, कारण शहराकडे जाणारी गाडी डाव्या हातानं धावणार. बाकाची उंची ट्रामच्या पायरीएवढी. घंटेला कुणी हात लावला की काका घरातून ओरडायचे, "ती गाडी सुटताना वाजवायची असते."

गुरुजी म्हणायचे, "अरे, कठड्याला मध्ये एक वाट ठेव. माणसं म्हातारी होणार आहेत."

"आणि ट्राम आली की त्या वाटेतून पोरं रुळावर धावतील, त्याचं काय?"

"तुझी ट्राम."

"माझीच. तू तुझा मोक्ष सांभाळ."

बाहेरच्या ओळीत वर्षांमागून वर्षं माणसं म्हातारी झाली. काहींना वेळेत पलीकडे नेलं. काहींना जमलं नाही. शिवराम भटजी न्हाणीघरातच गेले. कोपऱ्यावरच्या आत्या झोपेत. एकांची खाट उचलेपर्यंत वेळ होता, वळसा घालेपर्यंत नव्हता. प्रत्येक वेळी लोक काकांकडे बघायचे आणि काका कठड्याकडे बघायचे. कठडा तसाच राहिला.

मग नंदाकाकूंची पाळी आली.

नंदाकाकू म्हणजे काकांची बायको. मी शेजारी सून म्हणून आले तेव्हा मला गुळाची पोळी त्यांनी शिकवली. चैत्रातली दुपार होती, लूचा गरम वारा चालू होता. गुरुजींनी नाडी पाहिली आणि म्हणाले, उचला. मी लाल काठाचा गमछा भिजवून काकूंच्या कपाळावर ठेवला, एका हातात गंगाजळ, एका हातात तुळस, आणि खाटेबरोबर चालू लागले. काका पुढे. कठड्याच्या पलीकडे, अगदी हाकेवर, ती खोली दिसत होती. आणि आम्ही तिच्याकडे पाठ करून टोकाकडे चाललो होतो.

काकूंनी मला जवळ ये म्हणून बोट हलवलं. म्हणाल्या, "हे वेडे आहेत, तेजश्री. यांना वेळेत पलीकडे ने. माझ्यासारखं नको." मी हो म्हटलं. मरणाऱ्याला दिलेला शब्द.

वळणावरच्या ट्रान्सफॉर्मरपाशी मी त्यांच्या तोंडात पाणी घातलं, ते ओठांवरून बाहेर आलं. काकांनी मागे वळून पाहिलं. त्यांना कळलं. तरी ते चालत राहिले. आम्ही पूर्ण वळसा घालून काकूंना त्या खोलीत नेऊन ठेवलं. जन्मभर ज्यांची थट्टा केली, त्या मित्राला त्या दिवशी गुरुजींनी एक शब्द बोलून दाखवला नाही.

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर काका लोखंड कापायची करवत घेऊन थांब्यापाशी गेले. आदित्य, माझा मुलगा, म्हणाला, "आजोबा, वेल्डर बुलाते हैं ना." काकांनी मान हलवली. खडूनं खूण केली आणि दोन्हीकडचा कठडा स्वतः कापला. खाट आणि खाट धरणारी माणसं जातील एवढी वाट झाली. थांब्याच्या बरोबर समोर. त्या वाटेतून पलीकडची खोली किती जवळ आहे, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

त्या दिवसापासून काका रोज दुपारी बाकावर बसायला लागले. बाकाच्या या टोकाला, अगदी कडेला. बाकीचा सगळा बाक मोकळा. कुणी मधे टेकायला लागलं की म्हणायचे, "तिथे नको, इकडे माझ्या बाजूला ये." मी चहा घेऊन जायची. चहा घेताना ते कधी कधी पाय आखडून घ्यायचे, बसमध्ये कुणाला पुढे जायला जागा द्यावी तसे. मी घरी येऊन देवापुढे दिवा लावायची, आणि रोजच्या वहीत लिहायची, काका बरे आहेत.

गुरुजी आतल्या बाजूनं ओरडायचे, "काय रे, आली का गाडी?"

"येईल."

"शहरात रोपवेचे खांब लागले. आता माणसं वरून जाणार. तुझ्या रुळांना कोण विचारतो?"

काका हसायचे. पण पुढे पुढे ते हसताना बाकाकडे बघायचे, बाकीच्यांनाही गंमत वाटली का, ते पाहावं तसं.

मग अधिक महिना आला. पंचक्रोशीचे लोक दिवसभर वाटेनं जायचे, अनवाणी, डोक्यावर गाठोडी. मी थांब्याशेजारी पाण्याचे घडे आणि गूळ-फुटाणे घेऊन बसायची. डावीकडेच, कारण खाणंपिणं तिकडे. पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट दिसली आणि मग रोज दिसत राहिली. सावलीला येणारे लोक बाकापाशी आले की थोडं बाहेरून जायचे. तिथे बसलेल्यांच्या गुडघ्यांना लागू नये, असं. छताखाली पाऊस लागत नव्हता, तरी लोक पावसात उभे राहायचे. बाकावर कुणी बसत नव्हतं. काका सोडून बाक रिकामा होता.

बलियाकडची एक म्हातारी पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "ए बहिनी, एतना लोग बइठल बा. गाड़ी ना आइल का?"

मला वाटलं तिला चालून चालून भोवळ आली. मी म्हटलं, "कौन लोग, माई?"

तिनं हनुवटीनं बाक दाखवला. "ई सब. बेचारे कब से बइठल बा."

काका टोकाला बसले होते. त्यांनी ऐकलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता, चौकशी करावी तसा. "मेरे बगल में कौन है, माई?"

म्हातारीनं डोळे बारीक केले. "एगो मेहरारू," एक बाई आहे, असं म्हणाली. "माथा पर भीजल गमछा. लाल किनारी." आणि गाठोडं उचलून ती रांगेत निघून गेली. तिला त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं.

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. मी रामरक्षा म्हणायला लागले, मधला एक श्लोक सापडेना. काका शेजारच्या रिकाम्या दगडावर हात ठेवून बसले होते. मग त्यांनी तो उचलून मला दाखवला. तळवा ओला होता. छताखाली पाऊस येत नव्हता.

त्या संध्याकाळी ते गुरुजींना आणि मला म्हणाले, "माझी वेळ आली की मला पलीकडे न्यायचं नाही."

गुरुजी उसळले. "मग काय इथे भूत होऊन बसणार? आत मेला तो सुटला. बाहेरच्यांचं ज्याचं त्याचं कर्म."

"त्यांचं कर्म नाही, माझा कठडा आहे. मी त्यांना म्हटलं, या, गाडी येईल. मी बसवलंय त्यांना इथे. आता मी एकटा उठून जाऊ?"

"नीलकंठा, शास्त्र…"

"शास्त्र तुझं बरोबर आहे. वाटही तू बरोबर दाखवलीस. नकाशा माझा चुकला."

मी घरी आले, पण मन रात्रभर देवघरासमोरच बसून होतं. एकीकडे काकूंना दिलेला शब्द, यांना वेळेत पलीकडे ने. दुसरीकडे जिवंत माणसाचा शब्द, मला नेऊ नका. आणि काका शब्दाचे पक्के. आम्ही खाट उचलली असती तरी त्यांनी कठडा धरून ठेवला असता.

माघात धुकं इतकं दाट पडलं की दुपारीसुद्धा समोरची ओळ दिसेना. काकांना छातीत कफ धरला. डॉक्टर म्हणाले, भरती करा. काका म्हणाले, नाही. त्यांचा मुलगा प्रसन्न लखनौहून आला. तो बँकेत आहे, घाईत बोलतो. आल्या आल्या म्हणाला, "वहिनी, हे काय नवीन? बाबांना उधर ले जाना है, बस. आईचं झालं तसं मला नको."

"ते नाही म्हणतात."

"आता ते काय म्हणतात ते कोण विचारतंय?"

दुपारी गुरुजी काठी टेकत आले. नाडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. प्रसन्न, आदित्य आणि आतल्या ओळीतले दोघे खाटेच्या चार पायांपाशी उभे राहिले. काकांनी डोळे उघडले आणि खिडकीचा गज धरला. बोलण्याची ताकद नव्हती, पण बोटं पांढरी पडली होती. प्रसन्न ती सोडवायला वाकला, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी बापाच्या मनगटावर पडलं. तरी बोटं सुटेनात.

मी खाली बसले. मला पूजा करताना कधी कधी पुढचा उपचार आपोआप आठवतो, तसं ते आठवलं. मी म्हटलं, "काका, ट्राम येणार म्हणून तुम्ही सगळ्यांना सांगितलंत ना? मग आज तुम्हीच घेऊन चला. आधी थांब्यावर जाऊ. तिथे थांबू. सगळे चढले की मग पलीकडे."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. नकाशा तपासताना बघायचे तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग गज सोडला.

धुक्यातून आम्ही खाट थांब्यापाशी आणली आणि बाकाला लावून ठेवली. खाट आणि बाक, दोन्ही एका उंचीचे. मधे बोटभरसुद्धा पायरी पडली नाही. काका कुशीवर होते, बाकाकडे तोंड करून. गुरुजींनी विष्णुसहस्रनाम सुरू केलं. आम्ही थांबलो. काका हळूहळू एकेक नाव घ्यायला लागले. "शिवराम. या. सावकाश." मग आत्यांचं. मग आणखी काही, जी मी विसरले होते, कधीतरी बाहेरच्या ओळीत राहून गेलेली माणसं. प्रत्येक नावानंतर ते जरा थांबायचे आणि पाय आखडून घ्यायचे. खाटेचा सुंभ कुरकुरायचा. आदित्य माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे बघत नव्हते.

शेवटी ते म्हणाले, "नंदा?"

काही झालं नाही. धुक्यातून शिवपूरकडच्या गाड्यांचे हॉर्न येत होते. गुरुजींचं म्हणणं थांबलं. काकांनी पुन्हा विचारलं नाही. ते वाट बघत राहिले, आणि मला वाटलं आता काकूंनी नाहीच म्हटलं तर काकांचा श्वास इथेच संपणार.

मग खाटेची उशाकडची कड खाली वाकली. हलकेच. काकू आजारी माणसाजवळ अशाच टेकायच्या, एका बाजूला, त्याचा हात दबू नये म्हणून. काकांच्या कपाळावरून पाण्याचा एक थेंब ओघळला. छताखाली दव पडत नाही.

"घंटा," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत काकांनी ती घंटा कुणाला वाजवू दिली नव्हती. मी दोरी ओढली.

चौघांनी खाट उचलायला हात घातला आणि ती उठेना. काका म्हणजे हाडांची मोळी. प्रसन्नचा चेहरा लाल झाला. आदित्य म्हणाला, "आई, ये हो क्या रहा है?" गुरुजी, जे कधी कुणाच्या खाटेला हात लावत नसत, त्यांनी काठी टाकली आणि पाचवा खांदा दिला. तेव्हा कुठे खाट वर आली. आम्ही त्या कापलेल्या वाटेतून गेलो. गवतावरून जाताना माणसांच्या पावलांचा आवाज आमच्या पावलांपेक्षा जास्त नव्हता, पण श्वास जास्त ऐकू येत होते. मी मागे पाहिलं नाही. दुसऱ्या कठड्यातून बाहेर पडताच भार एकदम गेला. प्रसन्न तोल जाऊन पुढे पडता पडता सावरला.

सारवलेल्या जमिनीवर आम्ही काकांना ठेवलं. मी त्यांना डाव्या कुशीवर केलं, उजवा कान वर, तारक मंत्र ऐकायला मोकळा. गंगाजळ घातलं. या वेळी ते आत गेलं, गळा हलला. ते म्हणाले, "उतरले?"

गुरुजी म्हणाले, "सगळे उतरले, नीलकंठा. तूच राहिलास." त्यांना ते कसं कळलं, मी नंतरही विचारलं नाही. काकांनी श्वास सोडला आणि पुन्हा घेतला नाही.

पाचही जणांच्या खांद्यांवर दुसऱ्या दिवशी काळेनिळे वळ होते. प्रसन्ननं ते मला दाखवले आणि शर्टाची बटणं लावून घेतली. धुकं निवळलं तेव्हा मी थांब्यावर हळदीकुंकू वाहायला गेले. बाक पूर्ण कोरडा होता. मधल्या पट्ट्यात गवत दोन रेघांनी दबलं होतं, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. आदित्य म्हणाला, "चार माणसं दोन रांगांत चालली, तर तसं होणारच." त्याचं म्हणणं बरोबर ठरलं असतं, पण आम्ही पट्टा आडवा ओलांडला होता. त्या रेघा लांबीनं गेल्या होत्या, घाटाच्या दिशेनं, पार वळणावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या पुढे.

शिवरात्रीला पंचक्रोशीचे लोक पुन्हा आले. एका दिवसात फेरा पुरा करणारे, घाईतले. मी घडे मांडून बसले होते. दोन बाया सरळ आल्या आणि बाकावर मधोमध टेकल्या, पाय दाबायला लागल्या. एक मूल त्यावर झोपलं. मला बरं वाटलं. कुणाला वळसा घालावा लागला नाही.

पाणी पिऊन झालं की ते लोक कापलेल्या वाटेतून पलीकडे जायचे, देवाला हात जोडायला. पण गवताच्या कडेला आले की प्रत्येक जण थबकायचा. एक नजर उजवीकडे, एक डावीकडे. काहीतरी जाऊ द्यायचे आणि मग ओलांडायचे.

आता मीही तसंच करते.